‘गस्त वाढवा’ म्हणण्याआधी: वस्तीच्या सुरक्षिततेसाठी पोलिसांबरोबर काम कसं करायचं

घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा-वीस माणसं पोलीस ठाण्यात जातात. निवेदन देतात. त्यात मागणी एकच असते: गस्त वाढवा. साहेब म्हणतात, वाढवतो. आठवडाभर गाडी रात्री दोनदा फिरून जाते, लाल-निळा उजेड भिंतींवरून सरकतो, लोकांना बरं वाटतं. पंधराव्या दिवशी ती गाडी दुसऱ्या वस्तीत गेलेली असते, कारण आता तिकडे काहीतरी घडलेलं असतं. इकडे पुढच्या घरफोडीपर्यंत सगळं शांत.

अशा दोन निवेदनांवर मी सही केली आहे आणि तिसरं स्वतः लिहिलं आहे. तिन्ही वेळा चूक तीच होती. आम्ही ठाण्यात भीती घेऊन गेलो होतो. प्रश्न घेऊन गेलो नव्हतो. ‘आमच्या भागात असुरक्षित वाटतं’ या वाक्यावर पोलिसांनी नेमकं काय करायचं? गाडी फिरवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरत नाही. आणि नुसती गाडी फिरवून काय होतं, हे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये वर्षभर तपासून पाहिलंय. १५ बीट, म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेले भाग, घेतले. पाच बीटमध्ये गस्तीची गाडी बंद केली, कुणी फोन केला तरच यायचं. पाचमध्ये गस्त दुप्पट-तिप्पट केली. उरलेल्या पाचमध्ये नेहमीसारखी ठेवली. वर्षाअखेरीस गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही. गस्त कमी-जास्त झाल्याचं बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणजे गस्त निरुपयोगी असते का? तसं नाही. मिनिआपोलिस शहरातून पोलिसांना आलेल्या वर्षभराच्या फोनचा हिशेब १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यातले निम्म्याहून जास्त फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आलेले होते. गुन्हा शहरभर सारखा पसरलेला नसतो. तो एखाद्या कोपऱ्यावर, एखाद्या जिन्याखाली, एखाद्या बसथांब्यामागे साचतो. फिलाडेल्फियात २००९ मध्ये अशाच साचलेल्या ६० जागांवर पोलिसांना पायी गस्तीला लावलं, तेव्हा तुलनेच्या जागांपेक्षा तिथले हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. साचलेली जागा शोधून दिली तर गस्तीचा उपयोग होतो. ती शोधण्याचं निम्मं काम रहिवासी करू शकतात, आणि पुढे लिहिलेलं बरंचसं त्याच कामाबद्दल आहे.

पहिला आठवडा: भीतीची उकल

चार-पाच जणांनी बसून एकच प्रश्न घ्यायचा: आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते? प्रत्येकाने कागदावर वेगळं लिहायचं, बोलायचं नंतर. आधी बोललं की सगळे पहिल्या माणसाचीच भीती लिहितात.

कागद एकत्र केले की गंमत दिसते. एकाने घरफोडी लिहिलेली असते, पण त्याच्या ओळखीत कुणाकडेही झालेली नसते, त्याने ती ऐकलेली असते. एका बाईंनी लिहिलेलं असतं, ‘संध्याकाळी सातनंतर पुलाखालून जायचं टाळते’, आणि त्याच वाटेने रोज जाणाऱ्या पुरुषांना त्यात काही वाटत नसतं. कुणाला मोटारसायकलींच्या आवाजाचा त्रास, कुणाला बंद पडलेल्या इमारतीत जमणाऱ्या मुलांचा. प्रत्येक तक्रार वेगळी असते आणि तिचा इलाजही वेगळा.

भीती आणि गुन्हा या दोन गोष्टी वेगळ्या मोजा. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नेवार्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे फारसे घटले नाहीत, पण त्या भागातल्या लोकांना सुरक्षित वाटायला लागलं, पोलिसांबद्दलचं मतही सुधारलं. ती लोकांची फसवणूक होती असं मी मानत नाही. रोज दिसणारा, नावाने ओळखणारा पोलीस असला की माणूस संध्याकाळी घराबाहेर पडतो, आणि माणसं बाहेर पडली की रस्ता जागता राहतो. नंतर इंग्लंडमध्ये याच विषयावर काम करणाऱ्या अभ्यासकांना दिसलं, की बंद दाराआड झालेल्या मोठ्या गुन्ह्यापेक्षा रस्त्यावर सगळ्यांना दिसणारी छोटी नासधूस कधी कधी लोकांना जास्त घाबरवते. फुटलेला दिवा, जळका बाक, शिव्या लिहिलेली भिंत. इथे कुणाचं लक्ष नाही, असं त्या गोष्टी रोज सांगत असतात.

कागदांवर ‘अनोळखी लोक फिरतात’ असंही सापडेलच. त्यावर थांबा. शहरात अनोळखी माणूस दिसणं ही घटना नाही. तो काय करत होता हे लिहिता येत नसेल, तर ती ओळ खोडा.

दोन-तीन आठवडे: वही

एक वही घ्या, किंवा मोबाईलवर सगळ्यांना उघडता येईल असा तक्ता करा. रकाने सहाच ठेवा: तारीख आणि वार, वेळ, नेमकी जागा, काय घडलं, कुणाला कळवलं, तक्रारीचा क्रमांक. रकाने वाढवले की चौथ्या दिवशी कुणी लिहीत नाही.

‘काय घडलं’ या रकान्यावर सगळं अवलंबून आहे. वाईट नोंद अशी असते: ‘रात्री टवाळखोर मुलं गोंधळ घालत होती.’ चांगली नोंद अशी: ‘शुक्रवार, रात्री ११.२० ते १२.१०. बंद दुकानाच्या पायऱ्यांवर सहा-सात जण. बाटली फोडली. जाणाऱ्या दोन मुलींच्या मागे एक जण वीस-पंचवीस पावलं गेला, मग परतला.’ दुसरी नोंद वाचून पोलिसाला वार, वेळ, जागा आणि धोका चारही कळतात. माणसाचा पोशाख, रंग, भाषा, धर्म यावरून लिहिलेली नोंद घेऊ नका; कृती लिहा. वर्णन द्यायचंच तर पूर्ण द्या: उंची, कपडे, गाडीचा क्रमांक, कोणत्या दिशेने गेला.

छोटी घटनासुद्धा अधिकृतपणे कळवा. ‘सायकलची सीट गेली, त्यासाठी कुठे ठाण्यात जायचं’ असं म्हणून दहा जण गप्प बसले, तर त्या कोपऱ्यावर पोलिसांच्या दप्तरी काहीच घडलेलं नसतं. मनुष्यबळ कुठे पाठवायचं हे ते दप्तर बघून ठरतं.

तीन आठवड्यांनी वहीतल्या जागा नकाशावर टाका, हाताने काढलेल्या नकाशावर चालेल. सगळीकडे ठिपके पडतील असं वाटतं, पण ते दोन-तीन ठिकाणी झुंबड करतात. मग वेळा पाहा. एका जागेचे ठिपके शनिवारी रात्री, दुसऱ्या जागेचे दुपारी दोन ते चार. दुपारचे ठिपके बहुतेक वेळा रिकाम्या घरांचे असतात.

इथे गुन्हेशास्त्रातली एक साधी मांडणी कामाला येते. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी ती १९७९ साली मांडली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करू पाहणारा माणूस, सोपं लक्ष्य, आणि राखणाऱ्याचा अभाव. करू पाहणाऱ्यावर आपला इलाज चालत नाही, पण बाकीच्या दोन्हींवर चालतो. नकाशावरच्या प्रत्येक झुंबडीपुढे लिहा: इथे लक्ष्य सोपं का आहे? इथे राखणारं कुणी का नाही?

मग सगळ्या झुंबडींतून एकच निवडा. यावर भांडणं होतात, होऊ द्या. सगळ्यात गंभीर जागा निवडायची असा हट्ट धरू नका. पहिल्यांदा अशी निवडा की तीन महिन्यांत काहीतरी हललेलं दिसेल. पहिल्या कामात हात टेकले की दुसऱ्या कामाला माणसं मिळत नाहीत.

एक रात्र: चालत पाहणी

निवडलेल्या जागी दिवसा जाऊ नका. ज्या वाराला, ज्या वेळेला घटना घडतात त्याच वेळी जा. टोरांटोमध्ये १९८९ साली महिलांच्या एका संघटनेने अशा पाहणीची पद्धत बसवली आणि ती पुढे जगभर गेली. त्यामागचा विचार सरळ होता: त्या वाटेची खरी जाणकार म्हणजे ती वाट रोज चालणारी बाई.

सहा-आठ जण पुरेत, पण ते वेगवेगळे हवेत. रात्रपाळीवरून येणारी एक जण, काठी टेकत चालणारं कुणी, चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल तर तेही, एक पंधरा-सोळा वर्षांचं पोर. बीटचा पोलीस आणि पालिकेचा दिवाबत्तीचा माणूस आले तर फारच छान. आले नाहीत तरी पाहणी करा.

चालताना थांबत राहायचं आणि विचारायचं. समोरून येणाऱ्याचा चेहरा पंधरा पावलांवरून ओळखू येतो का? मागून कुणी आलं तर निसटायला दुसरी वाट आहे का? हाक मारली तर ऐकेल अशी खिडकी कुठली? दिवा आहे, पण फांद्यांत अडकलाय का? खूप लख्ख दिवाही त्रासाचा असतो. तो डोळ्यांवर येतो आणि त्याच्या पलीकडचा अंधार आणखी दाट होतो. झुडपं कमरेच्या वर वाढलेली नसावीत आणि झाडाच्या फांद्या डोक्यावरून बऱ्याच उंच असाव्यात, म्हणजे मधल्या पट्ट्यात नजर आरपार जाते.

बोलू कमी द्या पुरुषांना. हे मी पुरुष असून लिहितोय. आमच्या पहिल्या पाहणीत तीन पुरुषच बोलत होते आणि परतल्यावर एका मुलीने सांगितलं, की ज्या वळणावर तिला भीती वाटते तिथे आम्ही थांबलोच नव्हतो.

ठाण्यात: तीन माणसं, एक पान

जमाव नेला की साहेब भाषण करतात. तीन जण नेले की खुर्ची देतात. तिघांत एक बाई असावी आणि एक जण त्या जागेच्या अगदी जवळ राहणारा. मोठा बंदोबस्त असेल तो दिवस टाळा, पाळी बदलण्याची वेळ टाळा, आणि आधी फोन करून वेळ घ्या. पुढाऱ्याला बरोबर नेऊ नका. काम लवकर होईल असं वाटतं, पण पुढच्या वेळी पुढारी नसताना तुम्हाला कुणी ओळखत नाही.

हातात एकच पान असावं. मजकूर साधारण असा:

‘जागा: जुन्या जिन्याची खालची बाजू, बसथांब्यामागे. काळ: गेल्या २१ दिवसांत ९ घटना, त्यांतल्या ७ शुक्रवार-शनिवारी रात्री १० ते १२. प्रकार: मोबाईल हिसकावणे २, पाठलाग ३, आरडाओरडा आणि फोडाफोडी ४. अधिकृत तक्रारी ४, क्रमांक मागे जोडले आहेत. कारणं, आम्हाला दिसतात ती: तीनपैकी दोन दिवे बंद, जिन्याला मागून दुसरी वाट, दहानंतर सगळी दुकानं बंद. आम्ही काय करू: दिव्यांचा पाठपुरावा, वहीची नोंद. आपल्याकडून विनंती: या दोन रात्री १० ते १२ मध्ये दोनदा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पायी पाहणी.’

शेवटच्या ओळीतली ‘दहा-पंधरा मिनिटं’ हवेतून आलेली नाहीत. मिनिआपोलिसच्याच एका अभ्यासात दिसलं होतं, की पोलीस निघून गेल्यावरही जागा काही वेळ शांत राहते, आणि साधारण १० ते १५ मिनिटं थांबण्यात तो परिणाम सगळ्यात जास्त मिळतो. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही. नुसती गाडी समोरून नेण्याने तेवढं होत नाही, आणि रात्रभर माणूस बसवून ठेवणं कुठल्याच ठाण्याला परवडत नाही. मधला मार्ग मागितला की नकार देणं अवघड जातं.

मग पाच गोष्टी विचारा आणि लिहून घ्या. या बीटचा पोलीस कोण, तो थेट कसा भेटेल? या जागेबद्दल तुमच्याकडे काय नोंदी आहेत? आमच्या नोंदींत काय चुकतंय? तुम्ही काय करू शकाल, कधीपासून? आम्ही काय करू नये? पाचवा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि त्याच्या उत्तरात सगळ्यात जास्त कळतं.

‘हे आमचं काम नाही’ असं उत्तर येईल. चिडू नका, ते बऱ्याचदा खरं असतं. लगेच विचारा, ‘मग कुणाचं? आणि तुमचं एक पत्र त्यांना गेलं तर?’ दिवे, बंद इमारत, उघडं गटार, तुटलेलं फाटक यांतलं एकही पोलिसांच्या ताब्यात नसतं, पण ठाण्याचं पत्र जोडलेला अर्ज इतर कार्यालयांत वेगळ्या ढिगात जातो.

ही सगळी रीत कुणाच्या कल्पनेतून एका रात्रीत आलेली नाही. पोलिसी कामाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ साली मांडलं, की पोलीस एकेका घटनेमागे धावत राहतात. त्यांनी घटनांमागचा प्रश्न पकडायला हवा. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात त्याचे चार टप्पे ठरले: शोधा, समजून घ्या, कृती करा, परिणाम तपासा. तुमच्या एका पानात पहिले दोन टप्पे आलेले आहेत. म्हणून ते पान निवेदनापेक्षा वजनदार ठरतं.

काय केल्याने फरक पडतो

इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरातली कर्कहोल्ट वसाहत घरफोड्यांनी गांजलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पोलीस, अभ्यासक आणि स्थानिक यंत्रणांनी एकत्र बसून चोरी झालेल्या घरांशी, शेजाऱ्यांशी आणि पकडलेल्या चोरांशीही बोलून घेतलं. दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, घरांत नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते, म्हणजे घरोघरी रोख रकमेची पेटीच. दोन, एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त होती. मग मीटर काढले, फोडलेल्या घरांची कुलपं-खिडक्या लगेच मजबूत केल्या, आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर नजर ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटल्या. त्या योजनेत ‘गस्त वाढवा’ हे कलम मुख्य नव्हतंच.

यातून घ्यायची गोष्ट: घरफोडी झाली की पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. चोराला वाट माहीत झालेली असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही. म्हणून निवेदन लिहिण्यात संध्याकाळ घालवण्याआधी त्या घराची कडी बदला, मागची खिडकी बसवा, आणि शेजारच्या सहा घरांना सांगून ठेवा. हे त्याच दिवशी करायचं काम आहे.

दिव्यांबद्दल पुरावा चांगला आहे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सुधारलेल्या दिव्यांच्या भागात गुन्हे सरासरी पाचव्या हिश्श्याने कमी आढळले, आणि मजा म्हणजे काही ठिकाणी दिवसाचे गुन्हेही घटले होते. उजेडाचा दिवसा काय संबंध? बहुधा असा की दिवे लागले म्हणजे कुणीतरी या जागेची दखल घेतली, आणि लोक पुन्हा तिथून ये-जा करू लागले.

कॅमेऱ्यांबद्दल हात आखडता ठेवा. ते वाहनतळांवर बऱ्यापैकी उपयोगी पडतात, हिंसाचारावर त्यांचा परिणाम फारसा दिसत नाही, आणि कुणीतरी प्रत्यक्ष बघत असेल तर उपयोग वाढतो. तरी वस्तीत वर्गणी सगळ्यात आधी कॅमेऱ्याचीच निघते, कारण तो दिसतो आणि त्याखाली देणगीदाराचं नाव लिहिता येतं. घ्यायचाच असेल तर आधी कागदावर ठरवा: चित्रण किती दिवस राहणार, ते कोण पाहणार, कुणाच्या विनंतीवर देणार, बंद पडला तर कोण बघणार. आणि तो कुणाच्या खिडकीत डोकावणार नाही ना, हे त्या खिडकीतून स्वतः पाहून या.

‘इथून हाकललं तर चोर पलीकडच्या गल्लीत जातील’ असं कुणीतरी म्हणणारच. काही प्रमाणात तसं होतं, पण वाटतं तितकं नाही. जागा नेमून केलेल्या कामांच्या अभ्यासांत बहुतेकदा असं दिसलंय, की गुन्हा जसाच्या तसा सरकत नाही, आणि कित्येकदा लगतच्या भागालाही फायदा होतो. करणाऱ्याची सोय मोडली की तो दर वेळी नवी सोय शोधतोच असं नाही. तरीही पलीकडच्या गल्लीला सांगून ठेवा, वही त्यांनाही द्या.

महिन्याची बैठक

शिकागोने १९९३ मध्ये काही भागांत आणि पुढे शहराच्या सगळ्या २७९ बीटमध्ये पोलीस आणि रहिवाशांच्या दरमहा बैठका सुरू केल्या. एवढ्या मोठ्या शहरात इतकी वर्षं चाललेला प्रयोग विरळाच. अभ्यासकांना त्यात एक खोटही सापडली: बैठकीला घरमालक, वयाने मोठे आणि शिकलेले लोक जास्त येत, भाडेकरू, तरुण आणि भाषेची अडचण असलेले कमी. मग बैठकीत ठरतं काय, तर न आलेल्यांबद्दलच्या तक्रारी.

बैठकीला तासभर पुरे. सुरुवात गेल्या महिन्याच्या वचनांपासून: पोलिसांनी काय केलं, आपण काय केलं. नव्या तक्रारी शेवटच्या वीस मिनिटांत. ज्या मुलांच्या घोळक्याबद्दल बोलायचं आहे त्यांच्यातलं कुणी बैठकीत नसेल, तर तो विषय पुढच्या वेळेवर ढकला आणि तोवर त्यांच्याशी बोला. बऱ्याचदा ती मुलं त्या पायऱ्यांवर बसतात कारण बसायला दुसरी जागा नसते.

भिवंडीचं उदाहरण इथे आठवतं. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना बसवलं, दोन्ही समाजांतले, आणि भांडणं छोटी असतानाच बोलून मिटवायची सवय लावली. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कमिट्या संकट आल्यावर बनल्या असत्या तर त्यांचा काही उपयोग झाला नसता. चार वर्षं चहा पिऊन झाला होता म्हणून माणसं एकमेकांना फोन करू शकली.

व्हॉट्सॲप ग्रुप: आधी नियम, मग ग्रुप

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मोबाईलवरून फिरलेल्या अफवांनी वातावरण आधीच तापलेलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मर्यादेने वेग कमी होतो, पण पुढे पाठवणारा अंगठा आपलाच असतो.

म्हणून सुरक्षिततेचा ग्रुप गप्पांच्या ग्रुपपासून वेगळा ठेवा आणि चार ओळी वर चिकटवा. स्वतः पाहिलेलंच लिहायचं. जागा, वेळ आणि कृती लिहायची. कुणाचाही फोटो ‘संशयित’ म्हणून टाकायचा नाही, तो पोलिसांना द्यायचा. तातडीचं असेल तर आधी आपत्कालीन क्रमांक, मग ग्रुप. अमेरिकेतल्या नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांच्या ॲपवर केवळ वर्ण पाहून लोकांना संशयित ठरवल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने २०१६ मध्ये लिहिण्याचा अर्जच बदलला: आधी माणूस काय करत होता ते लिहा, मग वर्णन, आणि नुसता वर्ण लिहिला तर पुढे जाता येणार नाही. तुमच्या ग्रुपला असा अर्ज नाही, तेव्हा हे काम ॲडमिनने करायचं. वाईटपणा येतो. ॲडमिन दोन ठेवा, म्हणजे तो वाटला जातो.

एक विषय ग्रुपवर कधीच नाही: घरातली मारहाण. आत्ता आरडाओरडा ऐकू येत असेल तर पोलिसांना फोन करा. जिवाला धोका नसेल असं वाटत असेल तर बेल वाजवून काहीतरी मागायचं निमित्त काढा. तेवढ्याने हात थांबतो कधी कधी. नंतर त्या बाईला एकटीला गाठून विचारा, ‘तुम्हाला काय हवंय?’ तिच्या नवऱ्याला जाब विचारायला चार जण घेऊन जाऊ नका. तुम्ही परत याल. ती त्याच घरात असेल.

स्वतः फिरायचं असेल तर

शेजाऱ्यांनी शेजारावर नजर ठेवण्याच्या योजनांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा गुन्ह्यांत सरासरी १६ टक्के घट दिसली होती. वाईट नाही. पण नजर ठेवणं आणि मागे लागणं यांत अंतर आहे. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये अशाच योजनेतल्या एका स्वयंसेवकाला वाटेने चाललेला सतरा वर्षांचा मुलगा संशयास्पद वाटला. पोलिसांच्या फोनवरून त्याला मागे जायची गरज नाही असं सांगितलं गेलं होतं. काही मिनिटांत तो निःशस्त्र मुलगा त्याच्या गोळीने मेला.

जोडीने फिरा, ठरलेल्या वाटेने, बीटच्या पोलिसाला आधी कळवून. हातात बॅटरी आणि फोन. काठीसुद्धा नको, काठी असली की ती उगारावीशी वाटते. कुणाला अडवायचं नाही, पिशवी तपासायची नाही, ओळखपत्र मागायचं नाही. दिसलं ते कळवायचं आणि उजेडात थांबायचं. ज्याला हे बेचव वाटतं त्याला गस्तीवर घेऊ नका.

गाडं अडलं तर

बीटचा पोलीस बदलून जातो. ही सगळ्यात नेहमीची अडचण, आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही. वही आणि ते एक पान जपलेलं असेल तर नव्या माणसाला अर्ध्या तासात सगळं सांगता येतं. जुना जाण्याआधी दोघांना एकदा त्या जागी बरोबर नेता आलं तर सोन्याहून पिवळं.

प्रतिसादच मिळत नसेल तर तोंडी बोलणं थांबवा. लेखी द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी त्याच पोचेचा हवाला देऊन वरच्या अधिकाऱ्याला लिहा. पोलिसानेच गैरवर्तन केलं असेल तर तक्रार त्याच ठाण्यात न देता वरिष्ठांकडे किंवा पोलिसांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्या. तारीख, वेळ, बिल्ल्यावरचं नाव आणि साक्षीदार यांची नोंद त्याच दिवशी करून ठेवा.

उलट बाजूही आहे. कधी ठाणं जोशात येतं आणि सरसकट झडती, दिसेल त्या पोराला उचल, असं सुरू होतं. त्या वेळी ‘आम्हीच तर मागणी केली होती’ म्हणून गप्प बसू नका. गोंधळ, नासधूस अशा छोट्या उपद्रवांवरच्या पोलिसी कामांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. लोकांबरोबर बसून जागेचा प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीने गुन्हे घटलेले दिसले. दिसेल त्याला धरण्याच्या आक्रमक पद्धतीने म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि ज्या पोरांना उगाच उचललं, ती आणि त्यांची आई-बहीण पुढे काही पाहिलं तरी तुमच्या वहीत काही लिहिणार नाहीत.

तीन महिन्यांनी

त्याच वारी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसांनी पुन्हा पाहणी करा. वहीतल्या नोंदी आधीच्या २१ दिवसांशी ताडून पाहा. इथे एक चकवा असतो: लोकांना कळवायची सवय लागली की तक्रारी वाढतात आणि गुन्हा वाढला असं वाटतं. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, प्रकार पाहा. हिसकावणं आणि पाठलाग थांबलाय, आवाजाच्या तक्रारी वाढल्यात, तर काम बरं चाललंय.

दिवे लागले, जिन्याची मागची वाट बंद झाली, शुक्रवार-शनिवारच्या नोंदी एक-दोनवर आल्या, की ठाण्यात पुन्हा जा. तीनच माणसं, एकच पान, या वेळी मागणी नसलेलं. काय घटलं ते सांगा आणि दोन रात्रींचे ते थांबे आता दुसऱ्या झुंबडीकडे वळवता येतील का, ते विचारा. नकाशावर ती जागा तुम्ही आधीच गोल करून ठेवलेली असेल, दुपारी दोन ते चारवाली.